कोरी लेबलं

चाकणच्या आमच्या गोदामात परवा ऑइल सीलचा, म्हणजे यंत्रातलं तेल बाहेर गळू नये म्हणून बसवतात त्या रबरी कड्यांचा, एक लॉट अडवायचा होता. गिऱ्हाइकाच्या लाइनवर त्यातले काही गळले होते. एरवी स्कॅनर मारला की काम झालं. छापील खोक्यावर पार्ट नंबर तेवढा असतो. माल कुठल्या गाडीतून, कधी आला हे आम्ही चिकटवलेल्या बारकोडवरूनच कळतं. रबर पडून पडून कडक होतं, त्यामुळे जुना माल आधी काढायचा, तो हिशेबही त्यावरच.

रॅकपाशी गेलो तर लेबलं कोरी.

कोपरे उचकटतात म्हणून गोदामातल्या आमच्या कामगार मामांनी प्रत्येक लेबलावर सेलोटेप मारली होती. आमची लेबलं डायरेक्ट थर्मल. त्यात शाई नाही, रिबन नाही. कागदावरचा थरच उष्णतेनं काळा होतो. नखानं घासून बघा, काळी रेघ उठते. टेपचा गोंद हा थर हळूहळू उडवतो. लेबल नुसतं फाटलं असतं तरी निभावलं असतं. उभ्या रेघांची आडवी एक पट्टी शाबूत असली तरी स्कॅनर वाचतो. इथे पट्टीच नव्हती. कुरिअरच्या पाकिटाला हा कागद पुरतो, महिनोन्महिने रॅकवर बसणाऱ्या मालाला नाही. मी रिबनचा, म्हणजे रिबनवरची शाई लेबलावर उतरवणारा, प्रिंटर मागितला होता. खरेदीवाल्यांनी रोलचा भाव पाहिला आणि म्हणाले, बारकोड तर तोच येतो ना!

मामा म्हणाले, "साहेब, ती गाडी पावसात आली होती. खालची खोकी फुगलीत बघा." तासाभरात त्यांनी खोकी वेगळी काढली. शिल्लक नोंदीशी जुळली. क्वालिटीचे साहेब मात्र ऐकेनात: स्कॅन नाही, तर पुरावा नाही. मग मामांनी दाखवलेल्या खोक्यांवर आम्ही त्या लॉटची नवी लेबलं चिकटवली. स्कॅनर वाजला, साहेबांनी सही केली.

म्हणजे सही मामांच्या शब्दावरच झाली, फक्त मधे एक प्रिंटर आला. आणि आकडा जुळला म्हणजे खोकी तीच, असंही नाही. सुकलेलं एखादं खोकं उरलेल्या मालात राहिलं असेल का, हे डोक्यातून जात नाही. म्हणून तो उरलेला मालही मी अजून सोडलेला नाही. विक्रीवाले रोज फोन करतात.

अहवालात कारण म्हणून 'लेबलाचा कागद' लिहिलं. तो परत आला: 'कामगाराची अयोग्य हाताळणी' लिहा, नाव घाला. आता रिबनच्या प्रिंटरसाठी केलेला जुना मेल जोडून तोच अहवाल पुन्हा पाठवतोय.