थकलेल्या पगाराची गावं

पोलंड म्हटलं की वॉर्सा आणि क्राकूफच्या पुढे आपली गाडी सहसा सरकत नाही. मी पाहुण्यांना मुद्दाम ईशान्येला, बेलारूसच्या सीमेलगतच्या सोकुव्का जिल्ह्यात नेतो. जिल्हा म्हणायचा, पण पसारा आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढा. बुटक्या टेकड्या, बटाट्याची शेतं, पाइनची जंगलं. आणि क्रुशिन्यानी गावात हिरवीगार लाकडी मशीद!

लांबून ती चर्चच वाटते. दर्शनी बाजूला दोन चौकोनी मनोरे. बांधणारे सुतार इथलेच, त्यांनी सवयीच्या पद्धतीनेच काम केलं. कळसावर तेवढी चंद्रकोर चढवली. आत जमिनीवर गालिचे, भिंतींवर कुराणातल्या आयतांच्या तसबिरी, बायकांसाठी वेगळी खोली.

इथे मुसलमान आले कसे? पगार थकला म्हणून! लिथुआनिया-पोलंडच्या फौजेत मुसलमान तातार घोडेस्वार पिढ्यान्‌पिढ्या होते. 1672 मध्ये थकबाकीला कंटाळून त्यांच्यातले बरेच जण थेट तुर्कांना जाऊन मिळाले. पुढे अनेक जण परतले आणि 1679 मध्ये राजा यान सोब्येस्कीने थकलेल्या पगारापोटी त्यांना क्रुशिन्यानी, बोहोनिकी वगैरे गावांत जमिनी दिल्या. सोब्येस्कीची राजा म्हणून निवड झाली 1674 च्या मे महिन्यात, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या जेमतेम काही दिवस आधी. महाराजांचा कल रोख पगाराकडे होता, वतनं वाटण्याकडे नव्हे. इथे खजिन्यातच खडखडाट, मग काय करणार!

मशिदीमागच्या टेकडीवर पाइनच्या सावलीत कबरस्तान आहे. दगडांवर अरबी, रशियन आणि पोलिश मजकूर. नाव मुसलमानी, आडनाव अस्सल पोलिश वळणाचं.

गावात पेरेकाचेव्निक खाल्ल्याशिवाय परत फिरू नका. कणकेच्या सहा पातळ पाऱ्या, प्रत्येकीला लोणी आणि सारण, मग गुंडाळी करून गोगलगायीसारखी वळवून भट्टीत. सारण मटणाचं किंवा बेदाणे घातलेल्या चीजचं. मला मटणाचं जास्त आवडतं.

शेजारच्या क्रिंकी गावात चौकातून बारा रस्ते फुटतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हे कातडी कमावणाऱ्या ज्यूंचं गाव होतं. नाझींनी ती वस्ती संपवली. मोठ्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे, आता फक्त दगड उरलेत. गावात कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स, दोन्ही चर्च आहेत आणि दोघांचे नाताळ वेगवेगळ्या तारखांना येतात, म्हणून इथे अनेक घरांत नाताळ दोनदा होतो.

सोकुव्कापर्यंत रेल्वे आहे, पण या गावांसाठी गाडी भाड्यानेच घ्या. बसच्या भरवशावर राहू नका. सीमा जवळ आहे, ओळखपत्र खिशात असू द्या.