खंडेनवमी आणि पाचवं पिस्तूल

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी. पिट्सबर्ग

कामावरून आलो, हातपाय धुतले आणि तळघरातल्या टेबलावर आईच्या जुन्या सुती पातळाचं फडकं अंथरलं. तिजोरी उघडून एकेक पिस्तूल बाहेर काढलं. मॅगझिन म्हणजे गोळ्यांची डबी काढायची, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढायचा, आत डोकावायचं आणि मग करंगळीने पुन्हा चाचपायचं. रिकामं आहे हे माहीत असतं, तरी हे दर वेळी करायचंच. नंतर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा एक पातळ हात. हळदकुंकू पिस्तुलांना लावत नाही, जुन्या लोखंडावर ओल राहिली की गंज धरतो. ते पाटाला लावतो. परसातल्या झेंडूची पाच फुलं तोडून आणली होती.

भुसावळला आमच्या घरी आजच्या दिवशी पाटावर बाबांचे पाने, पकडी आणि एक जुना मीटर मांडलेला असायचा. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. 'हत्यार' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला तो पान्यासाठी. "हत्यार जागेवर ठेव" म्हणजे पाना खुंटीला अडकव. ज्या वस्तूवर आपली भाकरी आहे तिच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढं मला तेव्हा कळायचं. त्यांचा एक पाना मी इथे आणलाय. पिस्तुलांच्या शेजारी तोही असतो.

पिस्तुलांचा नाद मला सिग्नलमुळेच लागला. शिकायला इथे आलो आणि रेल्वे सिग्नलच्याच कामात शिरलो. या धंद्यात युनियन स्विच अँड सिग्नल हे फार मोठं नाव. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८८१ साली काढलेली कंपनी, कारखाना इथून जवळच, स्विसव्हेलला. आज त्या जागेवर दुकानांची रांग आहे, आम्ही तिथे सामान आणायला जातो. एकदा जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनात एका टेबलावर कोल्ट १९११ च्या घाटाचं लष्करी पिस्तूल पडलं होतं, आणि स्लाइडवर कोरलं होतं: यू. एस. अँड एस. कंपनी, स्विसव्हेल. मी तिथेच थबकलो. गाड्यांचे सांधे बदलायची यंत्रं बनवणाऱ्या माणसांनी १९४३ साली पंचावन्न हजारांच्या आसपास पिस्तुलं बनवली होती! घरी येऊन रात्रभर वाचत बसलो. टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने तर आठ लाखांहून जास्त बनवली. शिवणयंत्रवाल्या सिंगरने फक्त ५००, आणि म्हणून आज ती मिळवायला संग्राहक घर गहाण टाकायला तयार असतात.

जॉन ब्राउनिंगने आखलेलं ते पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलं. कोणत्याही कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात बसलाच पाहिजे, अशी अट होती. त्यामुळे युद्धानंतर लष्करी डेपोत दुरुस्तीला आलेल्या हजारो पिस्तुलांचे भाग एकमेकांत मिसळून गेले. सगळे भाग मूळचे असलेलं पिस्तूल सापडणं म्हणूनच अवघड. माझं सापडायला चार वर्षं लागली. डाव्या बाजूला बारीक 'आर. सी. डी.' अशी अक्षरं आहेत: रॉबर्ट सी. डाउनी, माल तपासून घेणारा लष्करी अधिकारी. तो ठप्पा भिंगातून बघताना मला बाबांच्या तपासणी वहीतली त्यांची सही आठवते. 'हे मी पाहिलं आहे, हे चालतं,' असं लिहून देणारा माणूस.

माझ्यासाठी या छंदाची सगळी गोडी इथे आहे. लोक विचारतात, मारायच्या वस्तूत कसलं आलंय सौंदर्य? प्रश्न रास्त आहे, आणि नेम धरण्याचा आनंद मी नाकारत नाही, महिन्यातून एकदा रेंजवर जातो. पण तासन् तास मी बसतो ते ठप्पे वाचत. जर्मन ल्यूगरचा मागे उचलला जाणारा गुडघ्यासारखा सांधा बघावा, आणि मग त्याच्या छोट्या छोट्या भागांवर पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे शोधत जावं. माझ्या ल्यूगरवर ते सगळीकडे जुळतात, एका चापाचा अपवाद. तो चाप कधी, कुठल्या खंदकात किंवा कार्यशाळेत बदलला गेला असेल, यावर मी कितीतरी रात्री विचार केलाय.

वेब्ली रिव्हॉल्व्हरने मला शहाणं केलं. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने घेतलेलं मार्क सहा, बर्मिंगहॅमचं, किलोहून थोडं जास्त भरणारं धूड. मुठीच्या वरचा खटका दाबला की मधोमध मोडून उघडतं आणि रिकामी काडतुसं बाहेर उडतात. त्यावरचा सरकारी बाणाचा ठसा बघून मी भाळलो आणि एका विक्रेत्याकडून घेऊन टाकलं. रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सिलिंडरच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. सिलिंडर मागून तासलेलं होतं. .४५५ ची काडतुसं दुर्मीळ झाली तेव्हा अमेरिकी .४५ ची बसावीत म्हणून अनेकांनी हा उद्योग केला. अमेरिकी काडतुसाचा दाब या जुन्या सांध्याला पेलणारा नाही. विक्रेत्याने अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. ते वेब्ली मी कधीही झाडणार नाही आणि विकणारही नाही. तेव्हापासून डोळ्यांआधी अंगठा फिरवतो.

इथला कायदा पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांच्या संग्राहकाला वेगळा परवाना देतो. ३ वर्षांचा, ३० डॉलर फी. त्यासोबत एक वही ठेवावी लागते: कधी आलं, कोणाकडून आलं, बनवणारी कंपनी, मॉडेल, क्रमांक. मला ही वही फार आवडते. भारतात असतो तर हे जमलं नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि संग्रहाच्या हौसेपायी त्यात सूट मिळावी असं मला कधी वाटलं नाही.

चौथं जपानी नांबू. त्यावर '१८.१०' असा आकडा आहे. सम्राट हिरोहितोच्या शोवा कारकिर्दीचं अठरावं वर्ष, दहावा महिना. म्हणजे ऑक्टोबर १९४३. अठरात १९२५ मिळवायचे. पहिल्यांदा हे गणित सुटलं तेव्हा अंगावर काटा आला होता. राज्याभिषेक शकाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला, कालगणना स्वतःच्या नावे करून घेण्यात केवढा अर्थ असतो, हे समजावून सांगावं लागत नाही.

आता पाचवं. हे लिहायलाच आज बसलोय.

इटालियन बेरेटा, मॉडेल १९३४. पंधरा दिवसांपूर्वी ओळखीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी बोलावलं. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. कपाटातून हिरवट करड्या चामड्याची म्यान निघाली. पिस्तुलासोबत घडी घातलेला एक पिवळा कागदही होता: वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला, की ही जप्त केलेली वस्तू घरी न्यायला या सैनिकाला परवानगी आहे. बाईंना कागदाची किंमत माहीत नव्हती. मी सांगितलं की कागदामुळे भाव वाढतो, आणि त्या भावानेच पैसे दिले.

पिस्तूल तळहाताएवढं, १५ सेंटिमीटर. सात गोळ्यांचं मॅगझिन, त्याच्या तळाला करंगळी टेकवायला वळणदार नख. शेवटची गोळी सुटली की स्लाइड मागे राहते ती मॅगझिनच्याच आधारावर. त्यामुळे रिकामं मॅगझिन ओढून काढायला जोर लागतो, आणि ते निघताच स्लाइड खाडकन पुढे येते. अडचणीची रचना आहे. पण बाकी इतकं सुटसुटीत, की सगळं सुटं करायला मिनिटही लागत नाही. डाव्या बाजूला गार्दोने हे गाव, १९४२, आणि पुढे रोमन अंकांत वीस. मुसोलिनीची राजवट सुरू झाल्यापासूनचं विसावं वर्ष. आणखी एक कालगणना, एकविसाव्या वर्षातच कोसळलेली.

बेरेटा मी इतकी वर्षं टाळत आलो. मी भारतातला आहे हे कळल्यावर रेंजवर कोणी ना कोणी म्हणायचंच, तुझ्याकडे बेरेटा असायला हवं. मी विषय बदलायचो. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत, बिर्ला हाउसमध्ये, नथुराम गोडसेने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या त्या याच मॉडेलच्या पिस्तुलातून. ते ग्वाल्हेरात मिळवलेलं होतं. क्रमांक ६०६८२४. मला तो पाठ आहे. खुनी ब्राह्मण, म्हणून नंतर सातारा, सांगली, कोल्हापुराकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली. साताऱ्याकडचं आजोबांचं घर त्यातच गेलं. आजी म्हणायची, "आधी त्या माणसाने म्हातारा मारला." घर तिच्या गोष्टीत नेहमी दुसऱ्या क्रमांकावर यायचं. हा क्रम तिने कधी बदलला नाही, आणि मीही बदललेला नाही.

ठप्पे वाचण्यात आनंद आहे असं म्हणायचं आणि हे एक पिस्तूल वाचायचं टाळायचं, हे मला या वर्षी पटेनासं झालं. म्हणून घेतलं. बायकोने म्यानीकडे बघून एवढंच विचारलं, "काकांना सांगितलंस?"

मघाशी साडेनऊला पुण्याला फोन लावला. तिथे सकाळचे सात, दसरा उजाडलेला. या वर्षी दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी आलीय. काका पंच्याऐंशीचे, घर जळालं तेव्हा आठ वर्षांचे होते. सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जड आहे का रे?"

वजनकाटा शेजारीच होता. ठेवलं. "नाही काका. साधारण साडेसहाशे ग्रॅम."

"एवढंच?"

मी हो म्हटलं. मग ते नातवाला हाक मारत उठले, तोरण बांधायचं होतं.

चार फुलं चार पिस्तुलांपुढे वाहिली, पाचवं बाबांच्या पान्यापुढे. बेरेटाला फूल वाहिलं नाही. तेल मात्र इतरांइतकंच लावलं, कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला आणि दोन्ही तिजोरीत वेगळ्या कप्प्यात ठेवलं. या पिस्तुलाने कोणाचं काय केलं असेल नसेल. ते ६०६८२४ नाही, हे वहीत क्रमांक उतरवताना मी तीनदा बघितलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी फोनवर पुण्याहून फोटो आलाय. काकांच्या देवघरासमोर आजीचं तांब्याचं घंगाळ, जळालेल्या घरातून निघालेलं. झेंडूची माळ घातलीय. नातवाने ते पितांबरीने लखलखीत घासलंय, फक्त तळाशी चार बोटं रुंदीचा काळा पट्टा तसाच आहे. फोटोच्या कडेला काकांचा हात आलाय, कडी धरलेला.