जर्सी : मैदानातली आणि गोठ्यातली

कोल्हापुरात जर्सी हा शब्द दोन ठिकाणी हमखास ऐकू येतो. एक म्हणजे फुटबॉल सीझनला, शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची मॅच असू दे नायतर शिवाजी तरुण मंडळाची, यंदा कुणाची जर्सी कशी आलीय यावर पेठेत तासभर चर्चा चालते. आणि दुसरं डेअरीत दूध घालायच्या रांगेत, तिथं कुणालाही विचारा जनावरं किती, तर दोन म्हशी आणि एक जर्शी.

हे दोन्ही शब्द एकाच बेटावरनं आलेत, हे वाचलं तेव्हा लय भारी वाटलं. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या समुद्रात जर्सी नावाचं बेट आहे, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून साधारण २२ किलोमीटरवर. तिथं लोकरीचं विणकाम इतकं जोरात चालायचं की शेतीला माणूस मिळेना, मग १६०८ मध्ये कायदाच केला, सुगीत आणि खतासाठी समुद्रातलं शेवाळ गोळा करायच्या दिवसात विणकाम बंद! तिथल्या कोळ्यांच्या जाड लोकरी स्वेटरला पुढं बेटाचंच नाव पडलं. म्हणून ब्रिटनमध्ये आजही कुणी थंडीत जर्सी घाल म्हणालं तर ते स्वेटर घाल म्हणतायत, मॅचचा टी-शर्ट नव्हे.

कापडाच्या धंद्यात जर्सी म्हणजे विणीचा प्रकार, आपल्याकडं दुकानात होजिअरी म्हणतात त्यातलाच. अंगातला साधा टी-शर्ट डोळ्याजवळ धरून बघा, सरळ बाजूला बारीक बारीक व्ही एकावर एक बसलेले दिसतात, उलट बाजूला आडव्या अर्धगोल ओळी, आजीच्या सुयांवरचे सुलट-उलट टाके असायचे तेच, फक्त मशीनवर बारीक केलेले. शर्टाच्या कापडात उभे-आडवे धागे असतात, इथं टाक्यात टाका अडकवत गेलेला असतो म्हणून ओढलं की ताणतं आणि सोडलं की जागेवर येतं. कापलं की कड लगेच गुंडाळायला लागते, शिवणाऱ्याला ताप. हे कापड आधी जास्त करून आतल्या कपड्यांना वापरायचे, १९१६ च्या सुमारास फ्रान्सची फॅशन डिझायनर कोको शनेल हिनं त्याचे बायकांचे ड्रेस केले. मला तर हे फार मोठं काम वाटतं, अंगाला न आवळणारा कपडा बायकांना मिळाला.

आता खेळातली जर्सी पॉलिस्टरची झालीय, पण शब्दाचा मान वाढतच गेला. सायकलच्या टूर द फ्रान्समध्ये १९१९ पासून जो पुढं असेल त्याला पिवळी जर्सी. जर्सी रिटायर करायची म्हणजे तो नंबर परत कुणाला द्यायचा नाही, जसा सचिनचा १०. आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताची जर्सी घालून उतरला तेव्हा जर्सी म्हणजे काय हे इथं कुणाला डिक्शनरीत बघावं लागलं नाही.

गाईचं म्हणाल तर त्या बेटानं १७८९ मध्ये बाहेरची जनावरं आणायला बंदीच घातली, त्यामुळं जात टिकली. दूध होल्स्टीन जातीच्या गाईपेक्षा कमी पण फॅट पाच टक्क्यांच्या आसपास, आणि फॅटवर दर ठरतो तिथं हे किती महत्त्वाचं ते दूध घालणाऱ्याला सांगायला नको. आपल्या गोठ्यातल्या बहुतेक संकरित असतात ही गोष्ट वेगळी.

शेजारच्या गर्न्सी बेटाचं पण सेम आहे बरं का, तिथला स्वेटरही गर्न्सी आणि गायही गर्न्सी, आणि ऑस्ट्रेलियात त्यांच्या फुटबॉलवाल्यांच्या बिनबाह्यांच्या जर्सीला गर्न्सीच म्हणतात.