हाकललेलं पिल्लू

आज हाय पार्कात चेरीचा बहर बघायला अख्खं टोरंटो लोटलेलं, म्हणून मी ती गर्दी टाळून खाली ग्रेनेडियर पाँडच्या काठाकाठाने चालत राहिले. तिथे गीज, इथली ती लांब मानेची, बदकांसारखी मोठी पाखरं. मादी घरट्यावर ठाण मांडून, आणि नर मान जमिनीलगत लांब करून, जीभ काढून फिस्स करत एका दुसऱ्या गूजच्या अंगावर धावून जात होता. ते बिचारं थोडं लांब पळायचं, गवत खाल्ल्यासारखं करायचं आणि परत हळूच जवळ यायचं. परत फिस्स. परत पळ.

मागच्या वर्षीची पिल्लं अख्खा हिवाळा आईबापांबरोबर काढतात, एकत्र उडतात, एकत्र चरतात, आणि अंडी घालायची वेळ आली की तेच आईबाप त्यांना हाकलतात. आता हे त्यांचंच की कोणी परकं, मला काय कळणार, दिसायला सगळी सारखीच. पण मी ठरवूनच टाकलं की त्यांचंच, आणि भर पार्कात रडायला लागले. मूर्खासारखी.

लेकाचा, सोहमचा, सकाळचा मेसेज, "समरला इथेच राहतोय गं, रूम कंटिन्यू केलीये." बस, एवढंच. त्याचा बाबा, निखिल, म्हणाला बरंय की, आणि परत लॅपटॉपमध्ये. आईला फोन करणार होते, पण तिला कुठल्या तोंडाने सांगू, एअरपोर्टवर ती माझ्या वेळी... जाऊ दे.

खटकतंय ते वेगळंच. मी कुठे हाकललं त्याला? उलट गादी, कुकर, मसाल्याचा डबा, सगळं भरून दिलं. ते गूजचं पोर एवढं फिस्स ऐकून पण परत परत येत होतं, आणि आमचं, कोणी काही न बोलता... म्हणजे मला त्या नराचा राग यायच्या ऐवजी हेवा वाटला की काय? त्याला निदान हाकलावं तरी लागतंय.

मादी तशी २८ दिवस बसते म्हणे, नर फक्त पहारा देतो. गीज फार वाढू नयेत म्हणून इथे अंड्यांना तेल लावतात, मग ती उबतच नाहीत आणि ती बिचारी बसूनच राहते. ते आठवलं आणि मी तिच्याकडे परत बघितलंच नाही.

रात्री वाचत बसले तर भलतंच. जून-जुलैत आईबापांची उडायची पिसं एकदम झडतात, कित्येक आठवडे उडता येत नाही, नवीन पिल्लांना घेऊन इथेच पाँडवर पायी पायी. आणि ही हाकललेली, जोडी न जमलेली पोरं मेच्या शेवटी उडतात ती थेट उत्तरेला जेम्स बे, हडसन बेपर्यंत, पिसं झडायची ती तिकडेच जाऊन झडतात! फुल समर व्हेकेशन. मला हसूच फुटलं. निखिलला सांगायला गेले, म्हटलं आईबापांची पिसं झडतात रे, आणि त्याच्या डोक्याकडे बघून मधेच गप्प बसले.

मग सोहमला रिप्लाय टाकला, ठीक आहे राहा, पण त्या कुकरची रिंग बदल, मागच्या वेळी शिट्टीच होत नव्हती. थम्सअप आला. नुसता थम्सअप!