लांब पल्ल्याच्या ट्रकवरचे माझे पहिले अकरा महिने

कर्नाटक सीमेवरच्या जत तालुक्यातल्या आमच्या गावातून दूध संकलन केंद्रापर्यंत मी साडेतीन वर्षे छोटा हत्ती चालवत होतो आणि त्याचे महिन्याला बारा हजार रुपये मिळत होते. गाडी दुसऱ्याची होती. पाऊस कमी झाला, वैरण महागली, तसे दूध घटले आणि मालकाने दोन फेऱ्यांची एक फेरी केली. तेव्हा मोठ्या गाडीवर जाण्याचा विचार पक्का झाला. मोठ्या गाडीचा ड्रायव्हर तीस हजार मिळवतो, असे ऐकून होतो. ते खोटे नव्हते; पण तीस हजार हा आकडा कोणकोणत्या वाटांनी तयार होतो आणि हातात येईपर्यंत कोणकोणत्या वाटांनी निघून जातो, हे कळायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. त्या वर्षाची ही हकिकत आहे.

परवाना हा त्यातला सर्वांत सोपा भाग निघाला. मालवाहतुकीच्या वाहनासाठी वय किमान २० वर्षे पूर्ण असावे लागते आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना असावा लागतो. या दोन्ही अटी मी आधीच पूर्ण करत होतो. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. मी बारावी झालेलो असल्यामुळे मला तिचा प्रश्न नव्हता, परंतु माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोघांना त्या बदलामुळेच अर्ज करता आला. वैद्यकीय दाखला घेतला, शिकाऊ परवाना काढला आणि एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बारा हजार रुपये भरले, कारण अवजड वाहनाच्या परीक्षेला मान्यताप्राप्त शाळेचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

शाळेत एक जुना सहा टायरचा ट्रक होता. त्यावर आम्ही सात जण आळीपाळीने बसत होतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला वीस मिनिटेही येत नसत. गाडी नेहमी रिकामी असे. परीक्षा त्याच गाडीवर झाली, तीही रिकाम्या, आणि परवाना हातात पडला. त्या परवान्यावर मी दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस टन वजनाची दहा टायरची गाडीसुद्धा कायद्याने चालवू शकत होतो, कारण त्यासाठी वेगळी परीक्षा घेतली जात नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जे नियम केले, त्यांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरवला आहे. आमच्या शाळेला तशी मान्यता नव्हती आणि माझ्या हाती स्टिअरिंग प्रत्यक्षात किती तास होते, याचा हिशेब केला की मला आजही संकोच वाटतो.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर चाकणजवळच्या एका वाहतूक कंपनीत नवीन ड्रायव्हरांची भरती असल्याचे समजले. कंपनीचे नाव लिहीत नाही. तिथे कारखान्यांचे सुटे भाग बत्तीस फुटी बंद कंटेनरमधून दक्षिणेत नेण्याचे काम चालते आणि तिचा मुख्य मार्ग चाकण ते चेन्नईजवळचे श्रीपेरुंबुदूर हा होता. अंतर साधारण ११८० किलोमीटर. निवड झाल्यावर मूळ परवाना कार्यालयात ठेवून घेण्यात आला आणि पाच हजार रुपयांची अनामत दरमहा एक हजार याप्रमाणे पगारातून कापली जाईल, असे सांगण्यात आले. परवाना डिजिलॉकरमध्ये दाखवला तरी चालतो हे मला माहीत होते, त्यामुळे रस्त्यावर अडचण येणार नव्हती. तरीसुद्धा स्वतःचा परवाना दुसऱ्याच्या कपाटात असणे मला पटले नाही. पटले नाही, आणि दिला.

प्रशिक्षण तीन आठवड्यांचे होते. त्या काळात दिवसाला तीनशे रुपये आणि दोन वेळचे जेवण मिळत होते. पहिला आठवडा खोलीत बसून गेला. बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक पावती, कशी वाचायची, ई-वे बिलावरचा, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावरचा, गाडीचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी का ताडून पाहायचा, त्या बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी असते आणि गाडी बिघडली तर मुदत वाढवून घेण्यासाठी कार्यालयाला लगेच का कळवायचे, हे सारे एका निवृत्त एसटी चालकाने शिकवले. त्यांना आम्ही सर म्हणत असू. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण निकषांच्या, गाडीत डिझेलशिवाय जे दुसरे द्रव्य भरावे लागते आणि ज्याला रस्त्यावर सगळे युरिया म्हणतात, ते संपत आले की गाडीची ताकद कशी उतरते, हेही त्यांनीच सांगितले. भिंतीवर कामाच्या तासांचा तक्ता लावलेला होता. तेव्हा १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता आणि त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास अशी मर्यादा होती. सरांनी तो तक्ता वाचून दाखवला आणि म्हणाले, "हे लक्षात ठेवा. गाडी सुटल्यावर हे तुम्हाला कोणी आठवण करून देणार नाही."

दुसरा आठवडा यार्डात गेला. बत्तीस फुटी कंटेनर मागे घेऊन फलाटाला लावणे ही गोष्ट पुढे चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. छोट्या हत्तीची सवय असल्यामुळे मी स्टिअरिंग फार लवकर आणि फार जास्त फिरवत होतो. मागचे टोक नेमके कुठे वळायला लागते, हे आरशात दिसायला मला पाच दिवस लागले. सर जमिनीवर खडूने रेघ ओढत आणि मागचे चाक तिच्यावरून किती सरकले, ते बोटांनी मोजून दाखवत.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी उताराचा धडा दिला, आणि मला संपूर्ण प्रशिक्षणात हाच एक धडा खऱ्या अर्थाने मोलाचा वाटतो. जुन्या ड्रायव्हरांचा ठाम समज असतो की उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की डिझेल वाचते. सरांनी आम्हाला भरलेल्या गाडीत बसवून उतारावर नेले आणि समोरच्या पडद्यावरचा डिझेलचा आकडा पाहायला सांगितले. गाडी गिअरमध्ये असताना आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना आकडा शून्यावर आला, कारण आजच्या इंजिनात अशा वेळी डिझेल पूर्ण बंद होते. न्यूट्रल करताच इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल पुन्हा जाऊ लागले. म्हणजे वाचवायला जावे आणि खर्च व्हावे, असा तो प्रकार होता. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड जाते, सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकडेनासे होतात. इंजिनच बंद केले तर हवेचा कंप्रेसर थांबतो आणि प्रत्येक दाबाबरोबर ब्रेकची हवा कमी होत जाते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आम्हाला परतीच्या वाटेवर लागणार होता. आमचे प्रशिक्षण संपले त्याच सुमारास, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री, त्या उतारावर एका अवजड मालवाहू गाडीने अनेक गाड्यांना ठोकरले. त्यानंतर सरांना तो धडा कोणाला दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही.

पुढचे तीन महिने मी दुसरा ड्रायव्हर म्हणून होतो. माझे उस्ताद पाथर्डीकडचे, साठीला टेकलेले. त्यांना मी मामा म्हणत असे. मामा शाळेत चौथीपर्यंतच शिकले होते, परंतु खंबाटकीच्या चढावर कोणत्या वळणाआधी कोणता गिअर घ्यायचा, तवंदीचा घाट परतताना कोठून एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक, चालू करायचा, चित्रदुर्गाच्या पुढे पहाटे वाऱ्याचा झोत कंटेनरला कसा ढकलतो, हे त्यांना तोंडपाठ होते. हुबळी-दावणगेरे पट्ट्यात माझी मोडकीतोडकी कन्नड उपयोगी पडू लागली, तसे मामांनी पंक्चरवाल्याशी आणि ढाब्यावर बोलण्याचे काम माझ्याकडे सोपवले. जतच्या माणसाला कन्नड येते याचे पुण्यात कोणाला काही वाटत नाही; राणेबेन्नूरला मात्र तिने आमचे दोन तास वाचवले.

मामा न्यूट्रल करत. मी सरांचे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "पोरा, सरांना ॲव्हरेज कापून पगार मिळत नाही." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो पहिल्या हिशेबाच्या दिवशी कळला.

कंपनीने लिटरमागे ४.२ किलोमीटर असे प्रमाण ठरवले होते. ११८० किलोमीटरला त्या प्रमाणाने सुमारे २८१ लिटर डिझेल मंजूर होते. गाडीने प्रत्यक्षात लिटरमागे ४ किलोमीटर दिले तर २९५ लिटर लागते आणि वरचे १४ लिटर ड्रायव्हरच्या हिशेबातून कापले जातात. ९३ रुपये दराने ते तेराशे रुपये होतात. घाटात किती वेळ रांगेत थांबलो, माल किती टन होता, टायर किती झिजलेले होते, याचा त्या प्रमाणात विचारच नव्हता. मामांनी पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या इंजिनावर शिकलेली युक्ती पगारातल्या कपातीच्या भीतीने चालू ठेवली होती. मी पडद्यावरचा आकडा त्यांना तीन फेऱ्या सतत दाखवत राहिलो. चौथ्या फेरीला तवंदी उतरताना त्यांनी गाडी गिअरमध्येच ठेवली, मात्र तसे केल्याचे कबूल केले नाही.

मार्च २०२३ पासून मी मुख्य ड्रायव्हर झालो. पहिल्या पूर्ण महिन्याचा हिशेब मी वहीत उतरवून ठेवला आहे, तो जसाच्या तसा सांगतो. मूळ पगार ११,००० रुपये. तीन जाऊन-येऊन फेऱ्या, म्हणजे ७०८० किलोमीटर, त्यावर किलोमीटरला अडीच रुपये भत्ता, एकूण १७,७०० रुपये. दोन्ही मिळून २८,७०० रुपये, म्हणजे ऐकीव तीस हजारांच्या अगदी जवळ. यातून भविष्य निर्वाह निधीचे १,३२० रुपये, कर्मचारी विम्याचे ८३ रुपये, अनामतीचे १,००० रुपये आणि दोन वेळा डिझेल कमी पडल्याचे २,६०० रुपये वजा झाले. हातात २३,६९७ रुपये आले. मात्र भत्ता हा मुळात रस्त्यावरच्या जेवणाचा, आंघोळीचा आणि चहाचा खर्च असतो. कितीही काटकसर केली तरी दिवसाला साडेतीनशे लागतातच. महिन्याचे साडेदहा हजार तिकडे गेले. घरी पाठवायला १३,१९७ रुपये उरले. दुधाच्या गाडीवर बारा हजार मिळत होते आणि रोज रात्री मी घरी झोपत होतो. वाटेत ज्या किरकोळ खर्चाची पावती कोणी देत नाही, तो मी या हिशेबात धरलेला नाही.

भविष्य निर्वाह निधी फक्त मूळ पगारावर कापला जात होता, हेही तेव्हाच लक्षात आले. भत्ता जितका मोठा आणि मूळ पगार जितका लहान, तितकी कंपनीची वर्गणी कमी होत असे. आजारी पडून दहा दिवस घरी राहिले तर हातात येतो तो त्या लहान पगाराचाच भाग. भरतीच्या वेळी मी एकूण किती मिळणार एवढेच विचारले होते. त्यातले किती रुपये गाडी उभी असतानाही मिळतील, हे विचारायला हवे होते.

गाडी उभी राहण्याचाच मोठा प्रश्न होता. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर एकदा आम्हाला एकतीस तास थांबावे लागले. ई-वे बिलाने सहा दिवस दिले होते, कंपनीने पोचण्यासाठी बावन्न तास दिले होते, आम्ही अठ्ठेचाळीस तासांत पोचलो होतो, आणि मग माल खाली करायला फलाट मोकळा नव्हता. किलोमीटरवर भत्ता असल्यामुळे त्या एकतीस तासांचे आम्हाला काहीही मिळाले नाही. जेवणाचा खर्च मात्र चालूच होता. साहजिकच माल खाली झाल्यावर प्रत्येक जण वाया गेलेला वेळ परतीच्या रस्त्यावर भरून काढायला बघतो. भिंतीवरचा दहा तासांचा तक्ता तिथे कोणाला आठवत नाही.

मी एवढेच केले की बिल्टीच्या पाठीवर फाटकात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहून तिच्यावर सुरक्षारक्षकाचा शिक्का घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला रक्षक नाही म्हणत. वेळ त्यांच्याच नोंदवहीप्रमाणे लिहितो म्हटल्यावर देऊ लागले. चार महिन्यांच्या शिक्क्यांची बेरीज घेऊन मी सुपरवायझरकडे गेलो. ग्राहकाकडून कंपनीला चोवीस तासांनंतरचे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मिळते, हे त्यांनी नाकारले नाही. ड्रायव्हरला देण्याची पद्धत नाही, एवढेच म्हणाले. मामांसह अकरा जणांनी तसेच शिक्के जमवून दिले, तेव्हा ऑक्टोबरपासून चोवीस तासांनंतर दिवसाला तीनशे रुपये सुरू झाले. मागचे मिळाले नाहीत.

अकरा महिन्यांनंतर मी दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथे मूळ पगार १६,००० रुपये आहे, भत्ता कमी आहे आणि डिझेलचे प्रमाण भरलेल्या व रिकाम्या गाडीसाठी वेगवेगळे आहे. जाताना जुन्या कंपनीकडून परवाना त्याच दिवशी परत मिळाला. अनामत सात आठवड्यांनी आली, पाच हजारांऐवजी चार हजार चारशे. उरलेले सहाशे कशाचे म्हणून फोन केला, तर कारकुनाने कागद पाहून सांगितले की ताडपत्री फाटल्याबद्दल कापले आहेत. मी तिथे शेवटच्या दिवसापर्यंत पत्र्याचा बंद कंटेनर चालवला होता.