रिपोर्ट मिळाला, ब्लॉक मिळेना

आईला देवगडहून परळच्या टाटा रुग्णालयात नेले तेव्हा फाईलमध्ये मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सीचा अहवाल सारे काही होते. नव्हते ते फक्त ब्लॉक. गाठीतून काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून मग पॅराफिन मेणात बसवतात, तो ठोकळा म्हणजे ब्लॉक. अहवालात मेटाप्लास्टिक कार्सिनोमाचा संशय लिहिलेला होता. स्तनाच्या कर्करोगांत हा प्रकार जेमतेम एक टक्का आढळतो, त्यात कधी त्वचेच्या तर कधी कूर्चेच्या पेशींसारख्या पेशी दिसतात आणि ब्लॉकच्या पातळ कापांवर पी-६३, सायटोकेराटिन अशी प्रथिने रंगवून ओळखणाऱ्या आयएचसी चाचण्यांशिवाय निदान पक्के करणे अवघड असते. नेहमीच्या केमोला तो पुष्कळदा कमी दाद देतो. त्यामुळे आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, हेही ब्लॉकवरच अडले.

जिल्ह्यातल्या ज्या प्रयोगशाळेने बायोप्सी तपासली होती, तिथे ब्लॉक मागताच ‘रिपोर्ट दिला ना, आता आणखी काय?’ असा प्रश्न आला. मग रुग्णालयाचे पत्र मागितले. ते नेले तर आईचे संमतिपत्र हवे झाले. तेही नेले तेव्हा डॉक्टर कोल्हापूरला गेलेले आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. हे सगळे पहिल्याच वेळी सांगायला त्यांचे काय जात होते, हे मला अजून उमगलेले नाही. हा आजार वेगाने वाढतो हे वाचून माझा जीव टांगणीला लागलेला, आणि आई मात्र मलाच समजावत होती, ‘झिला, बोंबलू नको, वस्तू तेंच्याकडे आसा.’ अखेर मी लेखी अर्ज दोन प्रतींत केला आणि एका प्रतीवर तारखेसह पोच मागितली. शिक्का मारायची वेळ आली तशी किल्ली सापडली.

म्हणून अहवाल घेतानाच ब्लॉक आणि स्लाइड (त्याचा पातळ काप लावलेली काच) दोन्ही मागावेत आणि ठोकळ्यावरचा क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी तिथेच ताडून पाहावा. स्लाइड पाकिटात घातल्यास फुटतात; त्यांची प्लॅस्टिकची डबी मिळते. मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीत मुळीच ठेवू नयेत, मेणच ते. मी ते कोकणकन्याने रात्रभर मांडीवर घेऊन गेलो.

निदान पक्के झाल्यावर शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन ठरल्या क्रमाने पार पडले. त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. सांगायचे राहिले, उपचारांसाठीच्या प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाडे माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला तेवढा आधी घ्यावा.

काही महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेतून ब्लॉक परत हवेत म्हणून फोन आला. मी त्यांना लेखी अर्ज करायला सांगितले, दोन प्रतींत.