देखणं मढं आणि काकूंची ट्रंक : साताऱ्याच्या दोन फेऱ्या

आधीच सांगतो, ज्यांचे कागद बघायला गेलो होतो त्यांचं नाव इथं नाहीये. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बजावलंय, लिहा काय लिहायचं ते पण आमचं नाव-पत्ता नको, उगाच दारात रांग लागायची. रांग काही लागत नसते हे त्यांनाही माहितीये नि मलाही, पण शब्द दिला तो दिला. आपण त्यांना सर म्हणू. साताऱ्यात शाळेत इंग्रजी शिकवायचे, साठच्या दशकात अतिवास्तववादी, म्हणजे बुद्धीला बाजूला सारून स्वप्नातल्यासारख्या, कविता लिहायचे, फ्रेंच कवींना मराठीत आणायचे, आणि छापून काय आलं म्हणाल तर दोन-तीन अनियतकालिकांत, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या मासिकांत, मिळून नऊ कविता. त्या पण सायक्लोस्टाइल केलेली, आता वाचायला भिंग लागतं. बाकी सगळं ट्रंकेत.

मी सांगलीचा, गावभागातला. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यावरची चार कपाटं पाण्यात होती, वडिलांच्या वह्या त्यातच गेल्या, पाणी उतरल्यावर जे हाताला लागलं तो नुसता लगदा होता. तेव्हापासून कुणाच्या घरी जुने कागद आहेत म्हटलं की मला बसवत नाही. सरांचा एक जुना विद्यार्थी आमच्या बँकेत येतो, तो बोलता बोलता म्हणाला की सरांचं घर रंगवायला काढलंय, माळा रिकामा करायचाय, रद्दीवाला येऊन गेला पण भाव पटला नाही. भाव पटला नाही म्हणून वाचलेलं साहित्य! मी दुसऱ्याच शनिवारी निघालो.

जायचं कसं ते आधी. सांगली-सातारा रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, एसटीनं इस्लामपूर-पेठ नाका करून हायवेला लागायचं नि मग कराड. हायवेच्या सहापदरीचं काम चालूय तोवर तीन तास म्हटले तर चार धरा. पहिल्या फेरीला मी एसटीनं गेलो नि डायव्हर्जनच्या धुळीनं पांढरा होऊन उतरलो, दुसऱ्यांदा कोयना एक्स्प्रेसनं गेलो, ते बरं पडलं. फक्त साताऱ्याचं स्टेशन गावात नाहीये, माहुलीच्या बाजूला आहे, तिथून रिक्षा करावी लागते आणि रिक्षाचं आधी ठरवून घ्या. राहायला पोवई नाका नाहीतर स्टँडच्या आसपास लॉज भरपूर आहेत. जुन्या पेठांत घर असेल तर राजवाड्यापर्यंत गाडीनं जा नि पुढं चालत, गल्ल्या चढाच्या आहेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडं जाल तसा दम लागतो.

रिकाम्या हातानं जाऊ नका. पेढे नेऊ नका पण, साताऱ्यात पेढे नेणं म्हणजे कोकणात नारळ नेणं. मी सांगलीचं भडंग नि पावशेर बेदाणे नेले, काकू खूश. वय ऐंशीच्या पुढं, कान तल्लख. म्हणाल्या, "ह्यांचं काही बघायला पहिल्यांदाच कुणीतरी आलंय, आत्तापर्यंत सगळे एलआयसीचेच."

ट्रंक पत्र्याची, हिरवी, कडी वाकडी. मी विचारलं कुलूप का नाही, तर म्हणाल्या भूकंपात फडताळावरून पडली तेव्हापासून लागतच नाही. भूकंप म्हणजे कोयनेचा, 11 डिसेंबर 1967, पहाटेचा. सातारकडच्या त्या पिढीचं सगळं कॅलेंडर भूकंपाआधी नि भूकंपानंतर असंच चालतं. आत गठ्ठे, सुतळीनं बांधलेले, वर वाळलेला कडुलिंब. आणि हे लक्षात घ्या, जवळपास सगळं पाठकोऱ्या कागदांवर. जुन्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, किराण्याच्या याद्या, पावत्या, शाळेच्या नोटिसा. मास्तरचा पगार, कोरा कागद कुठून आणणार.

माझं पहिलं चुकलं ते इथंच. मी शहाण्यासारखा दिवसभर बसून, मोबाईलवर चारशे फोटो काढले, सगळे सरांच्या अक्षराच्या बाजूचे. मागच्या छापील बाजूला काय बघायचं, असं वाटलं. वर आणखी एक गठ्ठा सोडून तारखेप्रमाणे नीट लावून दिला, काकूंना म्हटलं बघा कसा व्यवस्थित झाला. संग्रहालयात काम करणाऱ्या एका मैत्रिणीला घरी येऊन फोटो दाखवले तर तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली माणसानं कागद ज्या क्रमानं ठेवलाय तो क्रम हीच अर्धी माहिती असते, तू ती पुसून आलास. भूकंपातून वाचलेला क्रम मी एका दुपारीत मोडला. नशीब एकच गठ्ठा.

आता सर काय भाषांतर करत होते ते सांगतो, म्हणजे दुसरी फेरी का मारली ते कळेल.

1925 च्या सुमाराला पॅरिसमध्ये ह्या अतिवास्तववादी मंडळींनी एक खेळ काढला. कागदावर एकानं शब्द लिहायचा, घडी घालायची, पुढच्याला द्यायचा, त्यानं मागचं न बघता पुढचा शब्द लिहायचा, असं करत वाक्य पुरं करायचं. कोण काय लिहितंय कुणाला माहीत नाही, त्यामुळं बुद्धीचा पहारा सुटतो नि भलतंच काहीतरी जन्माला येतं. त्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों, 1924 चा जाहीरनामा त्याचाच, मूळचा डॉक्टरकीचा विद्यार्थी, पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या वॉर्डात काम केलेला, त्यामुळं भ्रमात माणूस काय बोलतो ह्याचं त्याला फार. तर त्या खेळातून निघालेलं जे वाक्य प्रसिद्ध झालं, आणि ज्यावरून खेळाला नाव पडलं, ते साधारण असं की एक अतिशय देखणं प्रेत नवी वाइन पिणार आहे.

एवढं एक वाक्य. सर त्याच्यामागं किती वर्षं होते बघा. पहिला खर्डा, "अतिसुंदर प्रेत नूतन मद्य प्राशन करील." खोडलाय. हे म्हणजे संगीत नाटकातलं प्रेत झालं. मग "उत्तम शव". मग "उमदं मढं", आणि मग "देखणं मढं", इथं शब्दाखाली दोन रेघा. मढं शब्द आल्याबरोबर वाक्य उठून बसलंय, कारण मढं हा घरातला शब्द आहे, शिवीतला आहे, आणि त्याला देखणं म्हणणं हाच खरा धक्का. मग दारूवर अडले. "नवी दारू पिणार", समासात बारीक अक्षरात लिहिलंय, दारू म्हटलं की हातभट्टी, द्राक्षं कुठायत यात? आम्ही तासगावच्या शेजारचे, आम्हाला द्राक्षं कळतात, पण खरी अडचण नवी ह्या शब्दाची आहे. त्यांच्याकडं दर हंगामाला द्राक्षं काढून झाली की नवी वाइन येते, तिची वाट बघतात. आपल्याकडं दारू नवी-जुनी नसते, असते नाहीतर संपलेली असते.

आणि शेवटचा खर्डा, ज्यावर काहीही खाडाखोड नाही : "देखणं मढं नवी काकवी पिणार."

पहिल्या फेरीनंतर मी माझ्या वहीत लिहिलं होतं, काकवी ओढूनताणून आणलीये. दुसऱ्या फेरीला तोच कागद उलटा केला तर मागं काकूंच्या अक्षरात बारशाची यादी. घुगऱ्या, खण, नारळ, आणि शेवटी, काकवी एक डबा, माहेरून येणार. काकू बघून हसल्या, थोरलीचं बारसं, जानेवारी 1969, भावाचं गुऱ्हाळ होतं कराडकडं, पहिल्या आधणाची काकवी तो पाठवायचा. म्हणजे दर हंगामाला नवीन येणारी, वाट बघायला लावणारी चीज सरांना शब्दकोशात सापडली नाही, ती कागदाच्या पाठीवर सापडली. आता मला ते भाषांतर पटतं का? पूर्ण नाही. काकवीत नशा नाही, नि मढ्यानं प्यायची ती नशाच होती. पण ओढूनताणून हा शब्द मी वहीतून खोडला.

म्हणून पहिला नि सगळ्यात मोठा सल्ला, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कागद कोरा दिसला तरी काढा. पाठीवरच्या तारखेचा अर्थ मात्र जपून लावा, मागं 1967 च्या सहामाहीची प्रश्नपत्रिका असेल तर पुढचं लिखाण त्याआधीचं नाही एवढंच कळतं, नंतर दहा वर्षांनीही लिहिलेलं असू शकतं. आणि गठ्ठा सोडायच्या आधी बांधलेल्या गठ्ठ्याचा एक फोटो, मग प्रत्येक कागदाला तुमच्या वहीत नंबर, कागदावर नाही. लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलनं कोपऱ्यात. पेन खोलीत पण नेऊ नका, माझ्या खिशातलं जेल पेन काकूंनीच काढून ठेवलं, मास्तरांच्या बायकोला सांगावं लागत नाही.

हातमोजे लागत नाहीत, जुन्या कागदाला ते उलट वाईट, बोटांना कागदाची कड कळत नाही आणि फाटतो. हात साबणानं धुऊन कोरडे करा, बस. भडंग खाऊन तर बिलकुल नको. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, कागद टाचणीला धरून बसलेला असतो. सेलोटेप, लॅमिनेशन, रबरबँड हे तिन्ही शत्रू समजा, कुणीतरी प्रेमानं सेलोटेप लावलेली दोन पानं आता पिवळी होऊन अक्षर खाऊन बसलीत. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीच्या उजेडात सकाळी दहा ते बारा चांगले फोटो येतात, तिरका उजेड पडला तर पेन्सिलच्या पुसट ओळी पण दिसतात. पावसाळ्यात जाऊच नका, साताऱ्याच्या दमट हवेत कागद एकमेकांना चिकटतात नि सोडवताना शाई उतरते. दिवाळीनंतर ते मार्च. आणि दुपारी एक ते चार घरच्यांना झोपू द्या, तेवढ्यात जेवून या.

हक्कांचं पण विचारतात लोक. कागद घरात आहे म्हणजे तो छापायचा हक्क तुम्हाला मिळत नाही, न छापलेल्या लिखाणाला पण कॉपीराइट असतो नि तो वारसांचा. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत छापलेल्याला लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, नि न छापलेलं राहिलं तर ते पहिल्यांदा छापलं जाईल त्याच्या पुढच्या वर्षापासून 60. भाषांतरात तर दोन थर, भाषांतरकाराचा नि मूळ कवीचा. फ्रेंच कवी एल्युआर 1952 ला गेला, तो आपल्याकडं मोकळा झालाय. ब्रेतों 1966 ला गेला, म्हणजे 2026 अखेरपर्यंत थांबा. मी काकूंकडून साध्या कागदावर लिहून घेतलं, फोटो अभ्यासासाठी, छापायचं झालं तर पुन्हा विचारीन.

ब्रेतोंच्या स्वतःच्या घराचं काय झालं ते वाचून मला जरा बरं वाटलं, म्हणजे वाईटच वाटलं. तो गेल्यावर बायकोनं पॅरिसातलं ते घर कित्येक वर्षं तसंच जपलं, आणि 2003 च्या एप्रिलमध्ये सगळं लिलावात निघालं, चार हजारांवर लॉट. चित्रं, हस्तलिखितं, पुस्तकं, दगड-मुखवटे. लोकांनी निदर्शनं केली की सरकारनं घ्या, नाही घेतलं, टेबलामागची एक भिंत तेवढी आधीच पोंपिदू संग्रहालयात गेली होती म्हणून अखंड राहिली. डेव्हिड गॅस्कॉइन म्हणून एक इंग्रज कवी, एकोणिसाव्या वर्षी, 1935 साली, इंग्रजीत अतिवास्तववादावर पुस्तक लिहिणारा, ब्रेतोंचा भाषांतरकार, त्याच्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सरांना हे सगळं इंग्रजीतूनच मिळालं, आणि गॅस्कॉइनचं नाव त्यांच्या वहीत चार ठिकाणी आहे. एका ठिकाणी लिहिलंय, 1936 च्या लंडनच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात चित्रकार दाली पाणबुड्याचा पोशाख घालून भाषणाला उभा राहिला, गुदमरायला लागला, नि गॅस्कॉइननं पाना आणून त्याला मोकळं केलं. पुढं सरांची एक ओळ, भाषांतरकाराचं काम हेच.

जाताजाता, वेळ असेल तर मर्ढ्याला जाऊन या, सातारा तालुक्यातच आहे. मर्ढेकरांचं मूळ आडनाव गोसावी, ह्या गावावरून मर्ढेकर. ओल्या पिंपातले मेलेले उंदीर ज्यानं मराठी कवितेत आणले त्याचं गाव सरांच्या घरापासून इतकं जवळ, आणि ट्रंकेत त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही! मला हे चमत्कारिक वाटतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांच्यावर लिहिलेलं वेगळं असेल, दुसऱ्या ट्रंकेत." दुसरी ट्रंक! ती पुतण्याकडं ठाण्याला आहे, चावीसकट. दिवाळीनंतर तो येणार आहे तेव्हा तिसरी फेरी.

कुणाला यायचं असेल तर मला निरोप पाठवा, काकूंना विचारून कळवीन, एका वेळी दोघांपेक्षा जास्त नको, खोली लहान आहे. आणि आलात तर तीन नंबरच्या गठ्ठ्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या दिसतील, पुरवणीच्या कागदाच्या, सगळ्या वेगवेगळ्या अक्षरांत. मी आधी पोरांच्या कॉप्या समजलो होतो. सर वर्गात तोच खेळ खेळवायचे, सहावा तास, शनिवार. तेवीस उघडल्यात, एक शाईनं घडीतच चिकटलीये. ती ओढू नका.